दोन शर्यती जिंकलेला घोडा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी एक पंचनामा मी अजूनही विसरलेलो नाही. कारण तो मीच लिहिला होता आणि साफ चुकीचा लिहिला होता.

तेव्हा मी भोपाळच्या रायसेन रोडवरच्या एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाणेप्रमुख होतो. आनंद नगरच्या पुढे एका बड्या असामीचा फार्म होता. एका सकाळी त्याचा फोन आला, कुणीतरी माझ्या घोड्याला विष घातलं. घोडाही साधासुधा नव्हता. ज्या तीन मोठ्या शर्यती एकाच घोड्याने मारल्या की 'तिहेरी मुकुट' मिळतो, त्यांतल्या दोन त्याने जिंकल्या होत्या. तिसरी तोंडावर आली होती आणि मधल्या विश्रांतीसाठी त्याला घरी आणलं होतं. मेलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवून मालक असा रडला की माझ्या शिपायांचेही डोळे ओले झाले. मी लिहिलं: तपकिरी घोडा, नर, कपाळावर पांढरा पट्टा, मालकाने ओळखला. सरकारी पशुवैद्यांनी शवविच्छेदन केलं, पोटातल्या अवयवांचा व्हिसेरा तपासणीसाठी सीलबंद झाला आणि घोडा तिथेच शेतात पुरला.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. भोपाळच्याच करोंद भागातला एक म्हातारा हातात दोरी घेऊन फार्मच्या भिंतीभोवती घुटमळत होता. उचलून आणला, तर चेहरा ओळखीचा निघाला. हा बारातीला, म्हणजे नवरदेवाच्या वरातीला घोडी पुरवणारा माणूस. आमच्या हद्दीतल्या एका लग्नाच्या मंडपाबाहेरून त्याची घोडी चोरीला गेली होती आणि तीन दिवसांपूर्वी तो ठाण्यात 'मेरी रानी, मेरी रानी' करत आला होता. ठाण्याच्या मुन्शीने, म्हणजे कारकुनाने, रोजनामच्यात 'घोडी गुम' अशी एक ओळ टाकली. मीही 'नवरीबरोबर सासरी गेली असेल' म्हणून हसलो होतो.

आता मात्र माझ्या डोक्यात गोष्ट तयार होती. घोडी गेल्याच्या रागात याने दुसऱ्याचा घोडा मारला. चोवीस तासांत कोर्टात हजर करायचं होतं, त्याआधी कबुली मिळाली की काम फत्ते.

"फार्म पे क्या कर रहे थे?"

"अपनी रानी ढूंढ रहा था, साहब. किसी ने बताया, उधर गाडी से एक जानवर उतरा है."

मी टेबलावर काठी आपटली. "वहां घोडा मरा है, घोडी नहीं! झूठ मत बोलो!"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "तो रानी भी घोडा ही है, साहब. बारात में घोडा कौन मंगाता है? सब घोडी बोलते हैं, तो अपन भी घोडी बोल देते हैं."

माझा जन्म भोपाळात गेला. शेकडो बाराती पाहिल्या, दोन-चारांत नाचलोही, पण नवरदेवाखालचं जनावर नर की मादी हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी रंग विचारला. तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा. माझ्या पंचनाम्यातलंच वर्णन.

मी लगेच पशुवैद्यांना फोन लावून मेलेल्या घोड्याचं वय विचारलं. तेही आमच्या घराण्यासारखे मूळचे नागपूरकडचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चाले.

"अहो साहेब, अहवालात लिहिलंय की. दात पार झिजलेले, वय पंधराच्या आसपास."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही विष कुठलं ते विचारलंत. वय कुणी विचारलं?"

अहवाल माझ्याच टेबलावर न वाचलेला पडला होता. मग पुण्यातल्या एका जाणकाराला विचारलं. तो हसलाच. त्या तीन शर्यतींत फक्त तीन-चार वर्षांचे कोवळे घोडे धावतात, म्हणाला.

मालकाला ठाण्यात बोलावलं. विम्याची भानगड असणार, अशी माझी अटकळ. तीही चुकली. अहवाल पुढे सरकवल्यावर त्याने तो वाचून उलटा ठेवला.

"मेरे घोडे का पैर गया है," तो म्हणाला. "तीसरी दौड में सबके सामने लंगडाता. दो जीत के मर गया, तो लोग कहेंगे तीसरी भी इसी की थी."

"तो उसी को मार देते," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो दचकला. "उसको कैसे मारता, साहब? बच्चे जैसा पाला है."

नोकरीत मी खून पाहिले, कुजलेली प्रेतं उचलली. पण त्या वाक्याने मी जसा हादरलो, तसा कधीच हादरलो नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याचं प्रेम खरंच होतं.

खरा घोडा भोपाळबाहेर मंडीदीपजवळच्या एका बंद गोदामात जिवंत सापडला. मालकावर रानीच्या चोरीचा आणि तिला मारल्याचा गुन्हा दाखल केला. या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगायला लाज वाटते. एकाच्या फाटकावर चौकीदार होता म्हणून त्याचं रडणं मला खरं वाटलं, आणि दुसऱ्याचं रडणं मी हसण्यावारी नेलं. तो पहिल्यांदा आला तेव्हा रानी जिवंत होती. नीट चार प्रश्न विचारून शोध घेतला असता, तर कदाचित ती सापडलीही असती.

म्हाताऱ्याला मी समोर बसवून सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने आपली दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. मग त्याने मान वर केली.

"उनके वाले का पैर किसी ने सेंका कि नहीं, साहब?"

त्या लंगड्या घोड्याचा पाय कुणी शेकला की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी गाडी काढायला सांगितली आणि आम्ही दोघं मंडीदीपला निघालो.