धाकट्या जावेचं टपाल

माझी धाकटी जाऊ सरपंच झाली त्या दिवशी मी ताप आल्याचं सोंग करून गोधडीत पडून होते. बाहेर गुलाल उधळत होते, पोरं नाचत होती आणि सासूबाई घडीघडी आत डोकावून म्हणत होत्या, "आगं, निदान ववाळायला तरी ऊठ." मी कण्हत कूस बदलली. ताप वगैरे काही नव्हता. पोटात दुखत होतं, आणि ते कशानं दुखतंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचं गाव हरसूलच्या पुढं, डोंगरात. पावसाळ्यात भात आणि नागली, दिवाळीनंतर निम्मं गाव द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला. त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. दहावी पास झालेली सून गावात एकच, ती मी. अंगणवाडी चालवत होते. माझ्या मनानं तर खुर्ची झाडून ठेवली होती. पण अंगणवाडीचं मानधन घेणाऱ्या बाईला उभं राहता येत नाही, असं ग्रामसेवकानं सांगितलं. खरं होतं का कोण जाणे. मी राजीनामा द्यायला तयार होते, पण मला कुणी विचारलंच नाही. ओसरीवर पुरुषांची बैठक झाली आणि माझा दीर म्हणाला, "मोठीचं काम चालू हाय, ते कशाला सोडायचं? आमच्या हिला उभी करू. सही केली म्हंजी झालं." मी आत भाकरी थापत होते. ती भाकरी तव्यावर करपली आणि त्यावरून मलाच बोलणी बसली.

आणि ती सही तिला शिकवायची कुणी? मीच. अंगणवाडीतली पाटी घरी आणली. तिचं बोट धरून आठ दिवस गिरवून घेतलं. तिला तेव्हा अक्षरओळख म्हणावी अशी नव्हती; पहिलीत चार महिने बसली असेल, मग गुरं राखायला गेली. "बाई, ह्यो डोंगर कसा काढायचा?" असं ती अक्षराला म्हणायची आणि स्वतःच हसायची. आमच्याकडं थोरल्या जावेला बाईच म्हणतात. मला हसू यायचं नाही. मी तिच्या बोटावर जरा जास्तच दाब द्यायचे.

सुरुवातीचे काही महिने खुर्चीवर दीरच बसला. ही बाजूला स्टुलावर, पदर कपाळापर्यंत. तोवर मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. मग एकदा तालुक्याच्या मीटिंगला दिराला जमलं नाही आणि ही एकटी जीपमध्ये बसून गेली. परत आली ती दोन हातपंपांची दुरुस्ती मंजूर करून. पुढच्या महिन्यापासून खुर्चीवर ती आणि स्टुलावर दीर. कसं झालं ते मला अजून सांगता येत नाही. भांडण झालं नाही, ओरडाआरडा झाला नाही. जीपवालासुद्धा तिच्यासाठी पुढची सीट राखून ठेवायला लागला. मी त्याच जीपमध्ये अंगणवाडीच्या मीटिंगला जायचे, मागं, पाटीवाल्या बायांच्या गर्दीत, कोंबड्या मांडीवर घेऊन.

ग्रामसभेचे ठराव वहीत मीच उतरवायचे आणि तिची भाषणंही मीच लिहायचे. ती पाठ करायची. एका सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं उभी राहून ती माझं भाषण निम्म्यात विसरली. मी मनात म्हटलं, झाली फजिती. तर ती थांबली, पोरांकडं बघितलं आणि म्हणाली, "बाईंनी लय चांगलं लिवून दिलं व्हतं, माझ्या ध्यानात ऱ्हायलं नाय. मी एवढंच सांगते, पोरींची शाळा पान्यासाठी बुडू देऊ नका. पान्याचं मी बघते." टाळ्या अशा पडल्या की कवायतीचे मास्तरही थांबून बघायला लागले. माझ्या भाषणात त्याहून कितीतरी सुंदर वाक्यं होती.

पाण्याचंच खरं दुखणं होतं. होळीपर्यंत विहीर तळ दाखवायची. मग खाली नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे करायचे. त्यांना आम्ही झिरे म्हणतो. झिऱ्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला तासभर जायचा, वर चढायला अर्धा तास. सरपंच झाल्यावर बाया तिला म्हणायच्या, "तू आधी भर, तुला कामं असत्यात." ती ऐकायची नाही, रांगेतच बसायची. तिनं रांग मोडली असती तर मला किती बरं वाटलं असतं! तिला नावं ठेवायला मी जागा शोधायचे आणि ती मला कुठं जागाच ठेवायची नाही.

माझ्या वाट्याला एकच गोष्ट राहिली होती. टपाल. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती पदराला हात पुसत ओट्यावर यायची, कापडी पिशवीतून ग्रामपंचायतीचे कागद काढायची आणि म्हणायची, "बाई, वाचा." मी मुद्दाम सावकाश वाचायचे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असलं काही आलं की थांबून अर्थ सांगायचे, आणि सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. ती माझ्या तोंडाकडं बघत ऐकायची. तेवढा अर्धा तास सरपंच मी असायचे. कागद संपले की ती पिशवी उचलायची आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागायचो. मग चुलीपाशी नुसता भांड्यांचा आवाज.

अशी तीन वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. त्या उन्हाळ्यात नाशिकहून एक पेपरवाला गावात आला. डोंगरातली बाई सरपंच कशी काम करते ते त्याला लिहायचं होतं. त्यानं तिला इतिवृत्ताची वही हातात घेऊन उभं केलं आणि फोटो काढला. चार दिवसांनी तो छापून आला. गावात एकच पेपर यायचा, तो इतक्या हातांतून फिरला की घडीवर फाटला. माझ्या हातात आला तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले. वहीचं पान उघडं होतं. ठराव मी लिहिलेला. माझं वळणदार अक्षर फोटोत स्पष्ट आलं होतं. मी नव्हते.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि नेमकं त्याच संध्याकाळी ते पत्र माझ्यापुढं आलं.

पाण्याच्या योजनेचं पत्र होतं. डोंगरावरच्या झऱ्यापासून नळ टाकून पाणी गावात आणायचं, त्यासाठी ग्रामपंचायतीनं प्रस्ताव पाठवायचा. दुसऱ्या परिच्छेदात अट होती: आधी फक्त बायांची ग्रामसभा घ्यावी, गावातल्या निम्म्याहून जास्त बाया हजर हव्यात, त्यांच्या सह्याअंगठ्यांसह ठराव महिनाअखेरच्या आत तालुक्याला पोचवावा, उशिरा आलेला प्रस्ताव घेतला जाणार नाही. महिना संपायला दहा दिवस उरले होते.

मी पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्याशी आले आणि थांबले. मग म्हटलं, "बाकी पुढचं नंतर कळवतील, असं लिहिलंय." पत्राची घडी घातली. ती माझ्याकडं बघत होती. "बरं," म्हणाली आणि पत्र पिशवीत ठेवलं.

योजना बुडावी असं माझ्या मनात नव्हतं, हे शपथेवर सांगते. पाणी मीही वाहत होते. माझ्या अंगणवाडीतल्या खिचडीच्या पाण्याचा हंडासुद्धा माझ्याच डोक्यावरून यायचा. मला एवढंच हवं होतं की शेवटचे दोन दिवस राहावेत, तालुक्यातून विचारणा व्हावी, हिची सगळ्यांपुढं धांदल उडावी, आणि मग मी उठून म्हणावं, थांबा, मी बघते. मी धावाधाव करावी, बाया गोळा कराव्यात. एकदा तरी गावाला दिसावं की हिच्यामागं कोण आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली. टपाल नव्हतं. तेच पत्र काढून म्हणाली, "बाई, पान्याच्या पत्रात आजून काय व्हतं का? पुन्यांदा वाचता?"

"वाचलं ना एकदा. तेच तेच काय वाचायचं?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. मी चिडून म्हटलं, "तुझा विश्वास नसेल तर भाऊसाहेबांना विचार." भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. ते पुतणीच्या लग्नासाठी रजा घेऊन गावाला गेले होते आणि ते मला माहीत होतं. हातातलं पत्र तिनं नीट घडी करून पदराखाली धरलं आणि उठून गेली. मला झोप लागेना. एकदा वाटलं, उद्या सांगून टाकावं. मग तो फोटो आठवला.

पाचव्या दिवशी सकाळी मी झिऱ्यावर गेले तर ती तिथं नव्हती. बाया म्हणाल्या, "सरपंचबाई पहाटेपासून घरोघर फिरती. आयतवारी समद्या बायांनी शाळेत यायचं." कुणी सांगितलं हिला?

रविवारी शाळेची पडवी भरली. म्हाताऱ्या काठी टेकत आल्या, लेकुरवाळ्या पोरं काखोटीला मारून आल्या. द्राक्षाच्या मळ्यांवरून शिमग्याला परतलेल्यांपैकी एकही बाई मागं राहिली नाही. रजा संपवून आलेले भाऊसाहेब एका कोपऱ्यात बसले. जावेनं वही माझ्या पुढ्यात सरकवली. "बाई लिवतील," म्हणाली. मी मान खाली घालून तारीख टाकली. मग ती उभी राहिली आणि त्या पत्रातला दुसरा परिच्छेद तिनं बायांना समजावून सांगितला. बायांचीच सभा का, निम्म्याहून जास्त का, महिनाअखेर का. एकही मुद्दा सुटला नाही. एका म्हातारीनं विचारलं, "पर तुला हे समदं कुनी सांगितलं गं?"

"बाईंनी वाचून दाखवलं की," ती म्हणाली.

माझं पेन थांबलं. सगळ्या पडवीनं माझ्याकडं वळून बघितलं. त्या म्हातारीनं जागेवरून सरकत येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "शिकलेली हाय म्हनून गावाचं भलं झालं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझं असं कौतुक पहिल्यांदाच झालं, आणि झालं ते मी गिळलेल्या परिच्छेदासाठी. मी अंगठे घेतले, निळ्या शाईनं माझी बोटंही माखली. निम्म्याहून कितीतरी जास्त झाले. जाताना भाऊसाहेबांना हळूच विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना सरपंचबाईंना?" ते म्हणाले, "मी? मी तर आज सकाळी आलो. पत्र अजून बघितलंही नाही."

ठराव वेळेत गेला. योजना मंजूर झाली. नळाला पाणी यायला पुढं दीड वर्ष लागलं, पण आलं. पंचायत समितीतले पाहुणे आले, नारळ फुटला, तिचे आणखी फोटो निघाले. ते सगळं गावाला पाठ आहे. मी सांगतेय ते त्या रविवारी संध्याकाळचं. ते आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.

ती चुलीपुढं बसून नागलीचं पीठ मळत होती. मी दारातच उभी राहिले. विचारलं, "तुला वाचता येतं?"

तिनं वर बघितलं नाही. "येतं, बाई."

"कधीपासून?"

"धाकटी पोरगी दुसरीत गेली तवापासून. तिच्यासंगं बसत व्हते. दोन वर्सं झाली आसतील."

दोन वर्षं. दोन वर्षं मी ओट्यावर बसून, आवाज चढवून, तिला वाचता येणारे कागद तिला वाचून दाखवत होते. मधे कंटाळा करून दोन ओळी गाळायचे, कुठं पदरचं घालायचे, तेही सगळं तिला कळत होतं. मी म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी मी जे गाळलं—"

"कळलं व्हतं."

"मग तोंडावर बोलली का नाहीस?"

"म्हटलं, उद्या वाचाल. उद्या नाय वाचलं. म्हटलं, परवा वाचाल. चार दिस वाट बघितली." तिनं पिठाचा गोळा परातीत दाबला. "त्याच्या म्होरं थांबता आलं नसतं. पान्याचं काम व्हतं."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या, दिराला सांगितलं असतं, गावात माझी छी थू केली असती, तर मला ते सोसलं असतं. मी तेवढ्यासाठी तयारही होते. पण तिचा आवाज नेहमीसारखाच होता. माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी ओरडले, "तुला येत होतं वाचायला, तर रोज ते टपाल घेऊन माझ्यापुढं कशाला बसत होतीस? माझी गंमत बघायला?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल, नसेल.

"कागद नसला तर तुमी माझ्याशी बोलता का, बाई?"

सरपंचकीचा, खुर्चीचा, फोटोचा हेवा मी त्याआधी पोटभर केला होता. पण त्या संध्याकाळी मला तिचा जो हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही. माझ्यासारख्या बाईशी बोलायला मिळावं म्हणून मी दोन वर्षं अडाणी बनून राहिले नसते.