छत ठोकणारे तात्या

तात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी हातातली उंच वेळूची काठी छताला ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. मगच यजमानाला म्हणायचे, "हं, बसा आता." कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात या सवयीची भरपूर टिंगल व्हायची. त्यात मीही मागे नव्हते.

तरुणपणी दुष्काळाला कंटाळून ते चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत गेले आणि निवृत्त होऊनच परतले. कपाळावरच्या जुन्या जखमेत कोळशाची भुकटी राहून निळा डाग पडला होता. खाणीत एकाने पुढे होऊन छत ठोकायचं, आवाजावरून ते सैल झालंय का ओळखायचं, तोवर बाकीच्यांनी मागे थांबायचं, अशी रीत. ते काम तात्यांकडे असे. एकदा "कालच तर ठोकलंय" म्हणून त्यांनी आळस केला आणि जोडीदार गमावला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. म्हणाले, "छत कालचं नसतंया, बाई. रोज नवं आसतंया."

मी तेव्हा प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते. नातीला सोडायला आले, की तात्या वर्गाचंही छत ठोकायचे. मुलं खिदळायची, पाढे बंद पडायचे आणि मी मनातल्या मनात चरफडायची.

एका सकाळी ते ठोकता ठोकता थांबले. पुन्हा ठोकलं. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला.

"बाई, पोरं भाईर काढा."

"तात्या, आज तपासणी आहे. साहेब येतील इतक्यात."

"सायबालाबी भाईरच बसवू. आदी पोरं काढा."

मी चिडले. तात्या सरळ त्याच जागेखाली जाऊन उभे राहिले. "समदी भाईर जाईस्तवर म्या हलत न्हाई." म्हाताऱ्याचा हट्ट मोडवेना, म्हणून मी मुलांना लिंबाखाली नेलं. सगळ्यांत शेवटी तात्या बाहेर आले.

साहेब आले. झाडाखाली भरलेला वर्ग बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी खुलासा करत होते, तोच आत धाडकन आवाज झाला. धूळ बसल्यावर पाहिलं, तर स्लॅबचा भलामोठा पोपडा पुढच्या बाकांवर पडला होता. "बघा, म्हणत नव्हतो?" असं तात्या म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोजा बाई. खाणीतनं वर आलं की आदी मोजत्यात."

मी मोजले. तेवीस. सगळे होते.

हे उपकार फिटण्यातले नाहीत. त्यानंतर दारात तात्या दिसले, की मीच पाढे थांबवायची आणि मुलांबरोबर कान देऊन ऐकायची.

गेल्या महिन्यात तात्या गेले. त्यांच्या अंगणात ती मुलं जमली होती, आता चांगली मोठी झालेली. मी नकळत मोजायला लागले. बावीसच भरले. पुन्हा मोजले, तरी बावीसच. तेवढ्यात डोळे पुसत नात जवळ आली.

"बाई, संतोष फौजेत हाय. रजा मिळंना त्याला. फोनवर म्हनला, बाई मोजत आसतील, माझाबी आकडा धरा म्हनावं."

"धरला गं," मी म्हणाले.