अण्णांचे बूट

बंगळुरात एचएसआर लेआउटमधल्या माझ्या गॅलरीत जास्वंद खुडताना पाकळी चुरगळली आणि बोटं जांभळी झाली. तो रंग पाहिला की मला अण्णा आठवतात.

लहानपणी इंदिरानगरात आमच्या शेजारी अण्णा आणि त्यांची बायको अक्का राहायचे. उंचेपुरे अण्णा रोज सकाळी जास्वंदीच्या पाकळ्या बुटांवर घासायचे आणि बूट काळेभोर चमकायचे. ते वारल्यावर अक्का एकट्या उरल्या. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून त्यांनी ते बूट दारातच ठेवले.

एके सकाळी आईने मला त्यांच्याकडे पूजेची फुलं आणायला पाठवलं. अक्का रांगोळी काढत होत्या. बूट लखलखत होते आणि शेजारी चुरगळलेल्या ओल्या पाकळ्या पडल्या होत्या.

"अक्का, किती छान घासलेत तुम्ही!"

त्यांचा हात थांबला. "मी कुठे गं? मला वाटलं, रोज तूच येऊन घासतेस."

आम्ही दोघींनी दारातल्या जास्वंदीच्या झाडाकडे पाहिलं. खालच्या फांद्या फुलांनी भरल्या होत्या. जिथे आमचा हात पोचत नव्हता, तो शेंडाच तेवढा ओकाबोका होता.

रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले बूट अक्कांनी वाकून उचलले आणि घराकडे तोंड करून ठेवले. मी फुलं न घेताच धूम ठोकली. पुढे कितीतरी दिवस मला त्या दाराची भीती वाटायची.

आता हे गेल्यापासून माझ्याही दारात यांचे बूट असतात. रोज सकाळी दार उघडलं की मी आधी तिकडे बघते. धूळ तशीच असते.