१४२८५७ आणि आमच्या सहा टोप्या

चार जुने मास्तर एका बाजेवर बसले की किस्से सुरू होतात आणि चहा येईस्तोवर त्यातले निम्मे खोटे होतात. हे मात्र खरे आहेत, कारण ज्या सहा मास्तरांचे ते आहेत, त्यांतला एक मी होतो.

सहा गावं, सहा शाळा, सहा मास्तर. राज्य इंग्रजांचं आणि आमच्या डोक्यावर खादीची टोपी. आमच्यात थोरले मोतीराम गुरुजी. त्यांचा एका आकड्यावर भारी जीव: १४२८५७. दोनापासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमानं गोल फिरून येतात. दोनानं २८५७१४, तिनानं ४२८५७१.

केशोरीच्या पाटलांनी विचारलं, "गुरुजी, हे कायले शिकवून राहिले? यानं धान पिकते काय?"

"धान नाही पिकत. पण यातला एकही अंक फितूर होत नाही."

"आन् सातानं गुणलं त?"

"त सगळे एक होतात. सहाच्या सहा नऊ."

पाटील संध्याकाळपर्यंत जमिनीवर काडीनं गुणत बसले.

*

केशोरीला गुरुजींच्या शाळेत इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. टोपी पाहूनच त्यांचं डोकं फिरलं. फळ्यावरचा आकडा त्यांनी स्वतः पाचानं गुणला.

गुरुजींनी उत्तराकडे नुसतं पाहिलं. "चुकलं, साहेब."

"न गुणताच कसं कळलं?"

"यात तीन आला. तीन आमच्यातला नाही."

सगळा वर्ग हसला. साहेबांनी फळा आपल्याच रुमालानं पुसला.

*

आठवड्यात सहाही जणांच्या बदल्या! साहेबांच्या हाताखाली शाळा सहाच, म्हणून एकाला दुसऱ्याच्या गावी धाडलं. सालेकशाच्या जंगलात समोरून आमच्यातल्याच एकाची बैलबंडी आली.

"कुठं जाऊन राहिला?"

"तुझ्याच शाळेत. खुर्ची धड हाये ना?"

"डावा पाय हालते. खाली विटकर लाव."

अशा प्रत्येकाच्या पाच बदल्या झाल्या. गावकरी म्हणत, "मास्तर बदलते, टोपी नाही बदलत."

*

पहिली नेमणूक आणि पाच बदल्या, असे सहा हुकूम झाले. सातवा आला: टोपी उतरवा, लेखी माफी मागा, नाहीतर नोकरी गेली.

मी घाबरलो, खरं सांगतो. घरी दोन लेकरं. बायको म्हणाली, "लिहून टाका ना. टोपी खाऊन जगायचं काय?" बाकीच्यांना विचारावं तर मध्ये दिवसभराची वाट. रागही आला होता. शेवटी सुचलं ते लिहिलं आणि पाकीट टपालात टाकलं.

पुढचं ऑफिसच्या चपराशानं सांगितलं. साहेबांनी कारकुनाला सहाही पाकिटं एकदम फोडायला लावली.

"वाच," ते म्हणाले.

"वाचू काय, साहेब? एकेका कागदावर एकेकच अंक हाये."

आणि कारकुनानं सहाही कागद टेबलावर ओळीनं मांडले.

९९९९९९.