आबांच्या कानातला पंप

गाडीच्या बाबतीत माझा विश्वास पेट्रोल आणि बॅटरीवर. लिंबू-मिरचीसुद्धा मी कधी बांधली नाही. असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि आजही आठवलं की अंगात वीज खेळल्यासारखं होतं.

मी तेलगावची. लग्नात नवरीचा मेकअप करते. सामान न्यायला एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतलीय, ती मीच चालवते. सोबत नणंद असते, रेखा. घरी मिस्टर, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. माझ्या लग्नाआधीच तापात आबांचे दोन्ही कान गेले. स्वतः बोलतात छान, पण आमचं बोलणं हातवाऱ्यांवरूनच समजून घेतात. शेजारी फटाका वाजला तरी मान वळत नाही.

लग्नसराईत धारूरला एक ऑर्डर होती. सकाळीच निघालो. गाडी झकास चालली होती, रेखानं गाणी लावलेली. घाट जवळ आला आणि आत्याबाईंचा फोन आला.

"सुवर्णा, गाडी बरी हाय का गं? आबा कवाधरनं म्हणायलेत, गाडीचा आवाज यायलाय. मागच्या सीटखालून. सुंऽऽ असा."

मला हसूच आलं. "आबांना आवाज? आणि गाडी तर इथं घाटाजवळ आलीय, आत्याबाई."

"मला काय ठाव बाई. कानावर हात धरून बसलेत."

गाणी बंद केली. काचा वर घेतल्या. नीट कान दिला — काही नाही. नेहमीचं इंजिन.

"चल वैनी, नवरी वाट बघायली," रेखा म्हणाली.

घाटाचं पहिलं वळण दिसायला लागलं होतं. पुढं उसाची ट्रॉली रांगत होती, मागं ट्रक. परत फोन वाजला. या वेळी फोनवर खुद्द आबा — जे फोनला कधी हातही लावत नाहीत.

"सुवर्णा, आवाज लई वाढलाय. घाटात गाडी घालू नको. थांब."

मी "हो" म्हणाले, ते त्यांना ऐकू येणारच नव्हतं. त्यांच्या बोलण्यात काय होतं सांगता येत नाही... पण मी चहाच्या टपरीशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली.

"कावून थांबलीस?" रेखा चिडली. "आबाला काय आईकू येतंय का?"

इंजिन अजून चालूच होतं. आणि तेवढ्यात आम्हाला ऐकू आलं. मागच्या सीटखालून... आधी बारीक, मग मिक्सर चढावा तसं वाढत गेलेलं — सुंऽऽ. रेखानं माझा हात घट्ट धरला. गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली.

धारूरहून ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "चावी फिरवली की आधी टाकीतला पंप गुणगुणतो. आईका." आम्ही ऐकलं. शुकशुकाट. त्यानं फ्यूज बघितला, वायर तपासली — करंट पंपापर्यंत पोचत होता. मग मला चावी चालू ठेवायला सांगून त्यानं टाकीच्या बुडाला लाकडानं हलकंसं ठोकलं. पंप किंचाळला आणि थांबला. परत ठोकलं. परत किंचाळला... आणि गेला तो गेलाच.

"पंप बाद. घाटात बंद पडली असती तर ब्रेक दगडासारखा कडक झाला असता, दाबलाच गेला नसता," तो म्हणाला. "आन मागं ट्रक हायेत."

आम्ही सामान एका जीपमध्ये घातलं आणि धारूर गाठलं. नवरी रडकुंडीला आली होती. पण मेकअप वेळेत झाला. गाडीचं काय झालं ते घरी सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी दारातच आत्याबाई भेटल्या. मी काही बोलायच्या आधी त्याच सुरू झाल्या. "तुला फोन केल्यावर जरा वेळानं आबा म्हणले, 'बंद पडली.' मग लई वेळानं म्हणले, 'लागली... गेली.' परत तसंच, 'लागली... गेली.' मग कानावरचे हात काढले."

ठोकल्यावर पंप दोनदा लागला, म्हणजे चालू झाला, आणि दोनदा थांबला, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान होते तसेच, ठार बंद. बहिऱ्या माणसाच्या कानातही आवाज घुमतो, असं ते म्हणाले. पण घाटाजवळच्या गाडीचा? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नवा पंप बसवला. जुना मेकॅनिकनं पिशवीत घालून दिला होता. माझ्या मिस्टरांना राहवेना. पंपातलं पेट्रोल चांगलं वाळल्यावर त्यांनी तो अंगणात बॅटरीला लावला. थोडा हलवल्यावर तो असा किंचाळला की रेखानं कानात बोटं घातली, शेळी दावं ओढायला लागली. आबा हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते. त्यांनी पंपाकडं बघितलं. मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"लागलाय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवून हो म्हणाले. ते आणखी थोडे पुढं वाकले, कान पंपाच्या अगदी जवळ नेला... आणि नाही म्हणून मान हलवली.

हे सगळं कसं झालं, मला अजूनही कळलेलं नाही. आबांनाही नाही.