सुनेनं ढोलीची चौकशी मांडली

आता मला एक सांगा, भर दुपारी तांदूळ निवडता निवडता तुमच्या सुनेनं सहज विचारलं, "आई, ढोलीतलं धान काढाचा हक्क आपल्या घरात कोणाकोणाले आहे?" तर तुम्ही काय समजाल?

मीही तेच समजले. आणि त्यातून पुढे जे रामायण घडलं ते आमच्या अख्ख्या कामठा गावाला माहीत आहे, तर तुमच्यापासून काय लपवायचं?

आधी ढोली म्हणजे काय ते सांगते. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, आत माणूस उभा राहील एवढी मोठी. मळणी झाली की वर्षभर खायचं धान त्यात पडतं. आमच्या ढोलीच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. सासूबाईंनी दिली तेव्हापासून ती कमरेलाच आहे. आंघोळीला जाते तेव्हासुद्धा कोनाड्यात माझ्या नजरेसमोर ठेवते. तर अशा बाईला असला प्रश्न!

आमची सून वैशाली. तशी गुणाची. माझा एकुलता एक मंगेश गोंदियाला एका दुकानात हिशेबाचं काम करतो, रोज बसने जातो-येतो. लग्नानंतर वैशालीनं पुढे शिकायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटरचं शिक्षण, इन्फर्मेशन सिस्टिम असं काहीतरी नाव. यांनी, म्हणजे मंगेशच्या बाबांनी, लगेच होकार दिला. घरात कोणी शिकतो म्हटलं की यांचा नकार कधी नसतोच. नकार माझाही नव्हता. पण मला त्या विद्यापीठाचाच संशय होता.

मी दहावीपर्यंत शाळेत गेलेली बाई आहे. शाळा कशी असते ते मला ठाऊक आहे. घंटा असते, प्रार्थना असते, छडी घेतलेले मास्तर असतात. हिच्या विद्यापीठात यातलं काहीच नाही. एक दिवस पोस्टमन पुस्तकांचं गाठोडं टाकून गेला, झालं विद्यापीठ! वर्ग भरायचा तो गोंदियाला आणि तोही रविवारी. ज्या दिवशी कॉलेजचा शिपाईसुद्धा घरी झोपलेला असतो, त्या दिवशी हिचं कॉलेज? मी पोस्टमनला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की हे सगळं खरं आहे ना. तो म्हणाला, "मावशी, खऱ्याखोट्याचं मले माहीत नाही, पण जड लय आहे."

मंगेशनं तिला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. आमच्याकडे तेव्हा लाइट कधी येईल त्याचा नेम नसायचा. आली की ही फोडणी अर्धी सोडून आत पळायची. मी जुन्या लुगड्याचं आवरण शिवून दिलं त्या डब्याला. एवढं करणारी सासू मी, तरी वाईट कोण? मीच. ऐका पुढे.

शेवटच्या वर्षाला तिला प्रोजेक्ट करायचा होता. तिनं मला नीट समजावून सांगितलं, ते कबूल करते. कुठलंतरी खरंखुरं चालणारं काम निवडायचं, ते करणाऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि त्याचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर बसवायचा. कोणी दुकान घेतलं होतं, कोणी दवाखाना. हिनं आमचं धान घेतलं. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार, त्या दिवशी गोंदियाच्या सरांना दाखवायचं. त्यांना पटलं नाही तर पूर्ण वर्ष वाया. बरं, फी पुन्हा भरायला लागली तर ती शिक्षण सोडणार होती, हेही तिनं सांगितलं होतं.

मी सगळं ऐकलं आणि त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही.

कारण प्रश्नच तसे! धान घरी आलं की कोण मोजतं? ढोलीतून कोण काढतं? कोणाला विचारून काढतं? न विचारता कोणाला देता येतं? किल्ली हरवली तर दुसरी कोणाकडे असते? आता मला सांगा, हे विद्यापीठाचे प्रश्न आहेत का? मी दहावीला एवढे पेपर दिले, एकातही कोणी माझ्या किल्लीची चौकशी केली नव्हती.

शेजारच्या शांताबाईला मी हे सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं. शांताबाईची सून मागच्याच वर्षी नवऱ्याला घेऊन वेगळी निघाली. एका अंगणात दोन चुली झाल्या. तेव्हापासून शांताबाईला प्रत्येक सून तशीच दिसते. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदर सावरला आणि म्हणाली, "मंगेशची माय, माहीवाली पण अशीच सुरू झाली होती. पहिले विचारते, मग मोजते, मग मांगते."

आणि त्याच रात्री जेवताना मंगेश सहज म्हणाला की रोजच्या बसनं फार थकायला होतं. झालं! गोंदियाला खोली बघून ठेवली असणार. वाट्याचं धान उचललं की चालले दोघं. माझा एकुलता एक मुलगा, आणि मी या घरात ढोलीशी गप्पा मारत बसणार.

तेव्हा मी ठरवलं, हिला खरं काही सांगायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन बसली. ढोली किती भरलेली आहे? मी म्हटलं, अर्धी पण नाही. खरं तर ती गळ्यापर्यंत होती. एवढं धान जातं कुठे? म्हटलं, पाहुणे येतात. अजून? म्हटलं, उंदीर. उंदीर किती खातात, आई? म्हटलं, लय खातात. तिनं ते गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं. संध्याकाळी तिनं यांना सांगितलं, आणि यांनी काय करावं? कुठूनतरी एक मांजर धरून आणलं. त्या मांजरानं आयुष्यात एकही उंदीर मारला नाही. ते कॉम्प्युटरवर चढून बसायचं, कारण तो डबा गरम असायचा.

इथवरही निभावलं असतं. पण वैशाली म्हणाली, "आई, सर म्हणतात नुसतं ऐकून लिहू नका, डोळ्यानं पाहा. सोमवारी मी ढोली मोजून घेतो."

आता आली का पंचाईत? अर्धी पण नाही म्हणून बसले होते!

रविवारी ती गोंदियाच्या वर्गाला गेली, मंगेश तिला सोडायला गेला, हे बाजाराला. मी आणि शांताबाईनं पोती भरली आणि परसातून ओढत ओढत तिच्या घरी नेली. माझी कंबर त्या दिवशी जी धरली ती आजही पावसाळ्यात आठवण देते. शांताबाईनं ठेवून घेतलं, पण एका अटीवर. वाटणीची बैठक बसेल तेव्हा तिला बोलवायचं.

सोमवारी वैशालीनं काठी घालून ढोली मोजली. अर्धी पण नव्हती. मी तिच्याकडे असं बघितलं की, पाहिलंस, सासू कधी खोटं बोलते का?

पण त्यानंतर ती गप्प गप्प राहायला लागली. कॉम्प्युटरसमोर बसायची, काहीतरी ठोकायची, पुन्हा पुसायची. जेवणात लक्ष नाही. डोळे सुजलेले. मला वाटलं, कमी धान बघून हिरमुसली. माझी तर खात्रीच पटली. मी किराणा दुकानातल्या फोनवरून सौंदडला माझ्या दादाला फोन केला. "दादा, घर फुटून राहिलं. तू ये."

माझा नामदेवदादा आमच्या सगळ्या नात्यागोत्यात वाटण्या करणारा माणूस. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि आवाज असा की दोन भांडणारे भाऊ आपोआप खाली बसतात. शनिवारी दुपारी तो आला. जय भीम झाला, पाणी झालं, चहा झाला. मंगेशची त्या दिवशी सुट्टी होती. मंगेशला, यांना, वैशालीला कोणालाच कळेना की मामाजी अचानक कसे. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. शांताबाई दाराशी येऊन उभी राहिली, तिला तर मी कबूलच केलं होतं.

दादा घसा साफ करून सुरुवात करणार, तेवढ्यात वैशालीच म्हणाली, "मामाजी, बरं झालं तुम्ही आले. मले सगळ्याइच्या समोर एक गोष्ट सांगाची आहे."

बघा, बोललीच! मी दादाकडे पाहिलं. दादानं डोळ्यानंच सांगितलं, बोलू दे तिला.

वैशाली म्हणाली की आठवडाभर ती हेच बघते आहे. आधी वाटलं आपलंच कॉम्प्युटरचं काम चुकलं, म्हणून तिनं ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून केलं. सरांनी शिकवलंय की एकच प्रश्न दोन माणसांना विचारायचा, म्हणून तिनं जे मला विचारलं ते यांनाही विचारलं होतं. घरी आलेलं धान, बियाण्याचं, खाण्याचं, पाहुण्यांचं, सगळं धरलं. उंदरांचंही धरलं. तरी ढोलीत जेवढं असायला पाहिजे तेवढं नाही, मेळच बसत नाही.

मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आपल्या घरातून कोणीतरी धान नेऊन राहिलं, मामाजी."



मी वाटणीची वाट बघत होते आणि इथे चोरी निघाली! दादाची मात्र कळी खुलली. वाटण्या त्यानं पुष्कळ केल्या होत्या, चोर कधी पकडला नव्हता. त्यानं पेन काढलं आणि विचारपूस सुरू केली. घरी कामाला कोण येतं, खोली कोण उघडतं, भिंतीला भगदाड आहे का. मी म्हटलं, जाऊ दे दादा, थोडंफार इकडेतिकडे होतंच. दादा म्हणाला, "तू मधात बोलू नको, यशोदे. तुले यातलं समजत नाही."

आणि तेवढ्यात आमचे हे, जे दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत, त्यांनी पाचवं नेमकं तेव्हा बोलायचं ठरवलं. "परवा शांताबाईच्या पडवीत आपले पोते दिसले मले. मी म्हटलं, असतील मांगून नेले."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

शांताबाई वाटणी बघायला आली होती हो. चोर ठरायला नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी, खोटं कशाला सांगू, मांजराकडे पाहिलं.

"मी कायले चोरू तुमचं धान?" शांताबाई कडाडली. "विचारा तुमच्या बहिणीले. सुनेच्या भेवानं तिनंच आणून ठेवलं माह्या घरी. माही कंबर मोडली ओढून ओढून, अन चोर मी?"

तुम्हाला सांगते, धरणी दुभंगली नाही. अशा वेळी ती कधीच दुभंगत नाही.

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, तेच तर वाईट. तिनं विचारलं, "माह्यापासून लपवलं, आई? काऊन?"

मी मान खाली घालून सांगून टाकलं की तू मंगेशला घेऊन वेगळी निघून राहिली असं वाटलं मला. प्रोजेक्ट नुसता बहाणा वाटला.

ती म्हणाली, "वेगळंच निघाचं असतं तर मी गोंदियाच्या कॉलेजातच नाव नसतं का टाकलं? तिथंच खोली केली असती. तुमच्याजवळ राहता यावं म्हणून तर घरबसल्या शिकून राहिलो मी."

माझं रडूच फुटलं. आणि रडता रडता मला आठवलं की हिचा तो सर उद्या प्रोजेक्ट बघणार आहे आणि त्यात भरलेलं सगळं माझं खोटं आहे. मी म्हटलं, पोरी, तुझं वर्ष गेलं का गं माझ्यापायी? ती आतल्या कॉम्प्युटरकडे बघत विचार करू लागली. मग हसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "नाही आई. एक बरं झालं. मले वाटे माहा प्रोग्राम चुकला. तो बरोबर निघाला. त्यानं तुमाले पकडलं."

मंगेश हसला, हे हसले, दारातली शांताबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. फक्त दादा हसला नाही. त्यानं पेन खिशात घातलं आणि विचारलं, "मंग मले कायले बोलावलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोंदियाची बस यायच्या आधी, वैशाली माझ्यासमोर बसली आणि तिनं सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले. मी एकेकाचं खरं उत्तर देत गेले, आणि प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी तिनं यांच्याकडे बघून, बरोबर आहे ना, असं विचारून घेतलं.