खुरसापुढचे चणे

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, प्रार्थना झाली. नंतर मी तावातावाने बोलत होतो, "येशू कुष्ठरोग्यांनाही हात लावायचा आणि आपले ख्रिस्ती अजून जात सोडत नाहीत!"

मग उकडलेले चणे वाटायला घेतले. खालच्या वाडीतल्या, माझ्याच वयाच्या मारीने ओंजळ पुढे केली. माझा हात आपोआप उंच गेला आणि चणे वरून पडले.

"अजून वयरसूनच घालतंस रे?" ती हसून म्हणाली.

साठ सालच्या सुमारास, ह्याच खुरसापुढे आईने मला शिकवलं होतं, "तेंका वयरसून घाल, हात लावू नको."

रोज हेच हात जोडून मी येशूशी बोलतो. उद्या कुठल्या तोंडाने बोलू, सांगाल?